हंगामभर वापरलेला सात इंची फिश फाइंडर: मशीन चांगलं, बोंब वायरिंगची

नारळी पौर्णिमेनंतर बसवलेला हा जीपीएसवाला फिश फाइंडर (पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळ नि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) वैशाखापर्यंत वापरला. बोट फायबरची, आउटबोर्डवाली (इंजिन मागे बाहेरून लावलेली), जुनी विकत घेतलेली. देवगडच्या बाहेर खडकांवर गरवायला जातो. स्क्रीन भर उन्हात वाचता येते, पंधरा-वीस वावात तळ स्वच्छ दिसतो, खडक कुठे संपला नि रेती कुठे लागली ते रंगावरून कळतं. तांबोशी माशासाठी तीच कड हवी असते. माशाचं चित्र काढून दाखवणारी सेटिंग मात्र बंदच ठेवा, तिला कचराही मासाच वाटतो. मशीनबद्दल एवढं पुरे.

खरी कटकट विजेची. दिवाळीपर्यंत हे मशीन मधूनच मान टाकायचं. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, १६ नंबरच्या चॅनेलला बोलायला बटण दाबलं की स्क्रीन काळी, मग कंपनीचं चिन्ह, मग पुन्हा उपग्रह शोधत बसणं. तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी हे झालं की काय होतं, ते तिथून बोट आत आणणाऱ्याला विचारा. दुकानदार म्हणाला, मशीन पाठवून द्या. जेटीवर प्रत्येकाचं एकच, ‘बॅटरी गेली रे, नवी टाक.’ बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मशीनच्या प्लगवरही १२.५.

हे आकडे फसवे असतात, कारण तारेतून करंट वाहत नसताना खराब जोडही आपलं खरं रूप दाखवत नाही. म्हणून फाइंडर चालू ठेवून, एकाला व्हीएचएफचं बटण दाबून धरायला सांगून मापं घेतली. बॅटरीवर १२.३, प्लगवर ९.८. हे मशीन १० च्या खाली बंद पडतं, माहितीपत्रकातच लिहिलंय. अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते.

कुठे गळतात तेही मीटरच सांगतो. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं प्लगच्या प्लसवर: ०.६. मग मायनस ते मायनस: १.९! दोन्हीकडे तार सारखीच, १ चौरस मिलिमीटरची, पाचेक मीटर लांब. दोघांची वीज याच तारांतून येते; व्हीएचएफ बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, फाइंडर एखादा. सात अँपिअरला एवढ्या बारीक तारेत ०.६ व्होल्ट जाणारच, तो हिशेब बरोबर जुळला. मायनसला वरचे १.३ मात्र कुठल्यातरी जोडाने खाल्लेले.

तो जोड सीटखाली सापडला. पितळी पट्टी, तिच्यावर साधा लोखंडी स्क्रू गंजून फुगलेला, आणि त्याच्याखाली सगळ्या उपकरणांच्या मायनस तारा एकत्र पिळून घातलेल्या. तारेचं प्लास्टिक सोललं तर आत बोटभर लांबीपर्यंत हिरवा कळंक, तांबं चिमटीत भुकटी होऊन आलं. खारं पाणी तारेच्या आतून असं वर चढतं, बाहेरून तार नवीकोरी दिसते.

जुनं सगळं उपटून कल्हई केलेल्या तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली. तारेच्या टोकांना लग (स्क्रूखाली बसणारी धातूची टोकं) नीट दाबून बसवले, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी. फाइंडरला वेगळी जोडी, बॅटरीजवळ ३ अँपिअरचा फ्यूज, माहितीपत्रकात सांगितलेला. आधीच्या मालकाने १५ चा टाकला होता. असा फ्यूज जळत नाही, तार जळते. आता बटण दाबल्यावरही प्लगवर १२ च्या आसपास मिळतात.

एक दुखणं तारेने बरं होत नाही. सेल्फ मारताना स्टार्टर बॅटरीलाच खाली खेचतो, तेव्हा फाइंडर बंद पडणारच. इंजिन आधी, फाइंडर नंतर, हा फुकटचा उपाय. पण गरवायला जाणारा माणूस जागा बदलायला सारखं इंजिन बंद-चालू करतो. म्हणून फाइंडरला २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी वेगळी घेतली. दिवसभर चालते आणि शिल्लक राहते. आउटबोर्डच्या चार्जिंगला ती जोडलेली नाही, घरी तिच्याच चार्जरवर लावतो. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा बघून ‘अजून आहे’ म्हणत बसू नका.

या बॅटरीचा एक फायदा अनपेक्षित मिळाला. बोटीतलं पाणी उपसणारा पंप लागला की स्क्रीनवर उभ्या रेघा यायच्या, त्या गेल्या. तुमच्याकडेही रेघा असतील तर ट्रान्सड्यूसरला (पाण्यात लहरी सोडून परत ऐकणाऱ्या भागाला) दोष देण्याआधी मशीन घटकाभर सुट्या बॅटरीवर चालवून बघा. रेघा गेल्या तर गडबड विजेतून येतेय. नाही गेल्या तर ट्रान्सड्यूसरची केबल पंपाच्या तारेला चिकटून तर गेली नाही ना, ते बघा.

घ्यावं का? घ्या, पण वायरिंगचे पैसे वेगळे धरा. आणि मशीन काढून घरी नेल्यावर प्लगच्या पिनांवर घालायचं रबरी टोपण पेटीत येत नाही, ते वेगळं विकतात. एवढ्या किमतीत ते द्यायला हवं होतं.