जुन्या क्वालिसला टर्बो: ९८,००० घेतले आणि बसवला भंगारातला

५०,००० फोनवरून, ३०,००० रोख, १८,००० गाडी ताब्यात घेताना. एकूण ९८,००० रुपये. बदल्यात मिळालं काय, तर पॉलिश केलेला जुना टर्बो, साध्या पाइपचा मॅनिफोल्ड, फक्त एक स्क्रू फिरवलेला डिझेल पंप आणि कशालाच न जोडलेलं बूस्ट गेज. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब, आणि हा मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारा भाग. कोल्हापूर परिसरात जुन्या क्वालिस, सुमो, बोलेरोला "टर्बो किट" बसवून देतो म्हणणारे हल्ली वाढलेत. ही माणसं गिऱ्हाईक कसं गाठतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. काम कुठे खाल्लं आणि ते कसं ओळखायचं, तेवढंच लिहितो.

माझी गाडी २००३ ची क्वालिस. इंजिन २४४६ सीसीचं, बिनटर्बोचं, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. पूर्वचेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारं) जुन्या धाटणीचं इंजिन, कॉम्प्रेशन रेशो २२ च्या घरात. सात माणसं भरून करूळ घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये रडत जावं लागतं. त्यामुळे टर्बो घालावासा वाटणं हा मूर्खपणा नाही, हे आधीच सांगतो. हिशेबात केलं तर अशा इंजिनाला टर्बो पेलतो. हिशेबात म्हणजे बूस्ट अर्धा बार, फार तर आठ पीएसआय, आणि डिझेल त्याच मापात. त्याच्यावर गेलात की आधी हेड (सिलिंडरवरचं झाकण) तडकतं, मग पिस्टन.

टर्बो बसवणाऱ्यानं दिलेला खर्चाचा कागद असा: टर्बो "नवा, इंपोर्टेड" ४६,०००; मॅनिफोल्ड १४,५००; इंटरकूलर (टर्बोतली तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि होज ११,५००; पंप कॅलिब्रेशन आणि बूस्ट कॉम्पेन्सेटर १३,५००; गेज ३,५००; मजुरी ९,०००. वहीचं पान फाडून दिलेलं. त्यावर शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, टर्बोचा पार्ट नंबर नाही. पार्ट नंबर लिहून दिल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

आता टर्बोचं. बहुतेक चांगल्या टर्बोवर कॉम्प्रेसरच्या बाजूला ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते, दोन रिव्हेटनी बसवलेली. तिच्यावर पार्ट नंबर आणि सीरियल नंबर असतो. या टर्बोवर पट्टी नव्हती. रिव्हेटची दोन रिकामी भोकं होती, आणि त्यांच्यातसुद्धा चंदेरी रंग गेलेला. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडं होतं, ती भोकं डोळ्यासमोर होती आणि शेवटचे १८,००० अजून खिशात होते. विचारलंही. तो म्हणाला, "पॉलिश करताना प्लेट काढली ओ दादा, बिनघोर ऱ्हावा." नव्या टर्बोला पॉलिश कशाला लागतं? हा एकच प्रश्न तिथं विचारायचा होता. विचारला नाही आणि पैसे मोजून दिले. या एका क्षणाचा संताप आजही जात नाही. त्या वेळी "गाडी आधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवतो" एवढं म्हटलं असतं तरी निदान १८,००० वाचले असते.

आणि कुणी म्हणेल, इतकं कळतं तर फसलास कसा? तो माणूस अडाणी नव्हता. वेस्टगेट, लॅग, बूस्ट हे सगळं बरोबर बोलत होता. दारात टर्बो बसवलेली दुसरी गाडी उभी होती, ती चालवूनही दाखवली. शाफ्ट (पात्यांचा मधला दांडा) हलवून बघायला मात्र त्यानं टर्बो हातात दिला नाही, थेट बसवूनच दाखवला. बसवण्याआधी टर्बो हातात घ्याच. शाफ्ट वरखाली किंचित हलतो, ते चालतं, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. मागेपुढे हललेला जाणवता कामा नये. पात्याच्या कडा घासलेल्या किंवा खरचटलेल्या असतील तर तो टर्बो जुनाच.

४१२ किलोमीटरवर निळा धूर सुरू झाला. ३०० किलोमीटरला लिटरभर ऑइल जायला लागलं. गाडी परत नेली तर तो म्हणाला, "इंजिनच्या रिंगा गेल्या, टर्बोचा ताण सोसंना." आणि इंजिनकामाचे ४२,००० सांगितले. खरा डाव हा होता. टर्बोवर पैसे मिळाले, आता इंजिनावर.

दुसरीकडे १,२०० रुपये देऊन कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडरचा दाब २७ ते २९ किलोच्या मध्ये. रिंगा गेल्या असत्या तर एखादा तरी खाली आला असता. मग ऑइलची परतीची लाइन उघडली आणि सगळं उलगडलं. टर्बोला तेल बारीक पाइपनं दाबाखाली येतं, ते ठीक. पण शाफ्ट लाखाच्या वर फेरे घेतो, त्यातून निघणारं तेल फेसाळलेलं असतं आणि त्याला दाब नसतो. ते फक्त उतारानं सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) पडतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, निदान १६ मिलिमीटर आतून, सरळ खाली उतरणारी, कुठेही वर वळलेली नको, आणि सम्पमध्ये तेलाच्या पातळीच्या वर शिरलेली. इथं डिझेलची १० मिलिमीटरची रबरी नळी लावलेली, मध्ये स्टिअरिंगच्या रॉडवरून उचललेली. आणि नळी बोल्टनं जोडायच्या फ्लँजमध्ये गॅस्केटऐवजी लाल सिलिकॉन. घट्ट आवळल्यावर ते आत दबून आलेलं, वाळून करंगळीएवढी लाल जीभ भोकात लोंबत होती. तेलाला खाली वाट नाही म्हटल्यावर ते सीलमधून टर्बाइनकडे जाणार आणि सायलेन्सरमधून निळं होऊन बाहेर पडणार. रिंगांचा संबंधच नाही. टर्बोच्या ऑइल लाइनवर सिलिकॉन लावणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथनं काढा.

दुसऱ्या मिस्त्रीनं टर्बो उतरवून शाफ्ट हलवून दाखवला, मागेपुढे खडखडत होता. उतरवण्याची मजुरी १,८००. भंगारात असला टर्बो चार-पाच हजारांना मिळतो, असं त्याचं मत.

पंपाचं ऐका. रोटरी पंपाच्या बिनटर्बोच्या झाकणावर काही नसतं. बूस्ट कॉम्पेन्सेटर बसवला की वर गोल डबी येते, आत पडदा, आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डवरून तिला एक बारीक नळी येते. बूस्ट येईल तेवढंच जादा डिझेल सुटावं, हे तिचं काम. त्यासाठी पंप उतरवून बेंचवर कॅलिब्रेट करावा लागतो. या गाडीवर झाकण मूळचं, सपाट, बोल्टवर जुना धूळ-तेलाचा थर तसाच. फक्त मागचा फुल-लोड स्क्रू दीड फेरा आत दिलेला. १३,५०० रुपये एका स्क्रूचे. परिणाम काय, तर बूस्ट येण्याआधीच भरमसाट डिझेल, ॲक्सिलरेटर दाबला की मागची गाडी दिसत नाही. पीयूसीला २००३ च्या काळातल्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप), तिथं गाडी नापास. काळा धूर म्हणजे नुसता वासाचा प्रश्न नाही, एक्झॉस्टचं तापमान भडकल्याची ती खूण आहे. ७०० अंशांच्या वर घाटभर चाललं तर हेडचं काय होईल ते सांगायला नको. बूस्ट गेजच्या आधी एक्झॉस्टच्या तापमानाचं गेज लावा. दोन्ही लावायचे पैसे नसतील तर टर्बोही लावू नका.

गेजची नळी डॅशबोर्डच्या मागे तशीच सोडलेली होती. काटा हलत नाही म्हटल्यावर उत्तर, "लोड आल्याशिवाय बूस्ट दिसत न्हाई." रिकाम्या आयडलवर दिसत नाही हे खरंच, म्हणून पटलं. पण घाट चढतानाही काटा शून्यावर असेल तर नळी हातानं शोधा.

मॅनिफोल्ड दोन मिलिमीटरच्या साध्या पाइपचा, फ्लँज ६ मिलिमीटरची, वेल्डिंगनंतर फेसिंगच नाही. तापली, वाकली, गॅस्केट फुंकलं. १२ मिलिमीटरची फ्लँज घ्या आणि वेल्डिंग झाल्यावर मशीनवर सपाट करून घ्या. आणि या गावात फाउंड्र्यांना काय तोटा आहे? एसजी आयर्नचा (चिवट बिडाचा) मॅनिफोल्ड इथं ओतून मिळतो, उद्यमनगरात मशीनिंग होतं. इथल्या माणसाला पाइपचा तुकडा १४,५०० ला विकला, याचा राग जास्त येतो. इंटरकूलरही वापरलेला निघाला, आत दुसऱ्या गाडीचा चिखल. तो पुन्हा रेडिएटरच्या पुढे चिकटवल्यामुळे घाटात पाणी तापायला लागलं ते वेगळंच.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी अर्ज साध्या कागदावर आणा, तिसऱ्या दिवशी "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." वर हेही ऐकवलं, की गाडीत बदल तुम्ही केलाय, केस केली तर तुमच्यावरच होईल. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर उत्तर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचं उत्तर तेच. परिवहन कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, शेवटी "टर्बोचा विषय आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतो? गाडीत विनापरवानगी बदल करू नये म्हणणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवायला सगळे पुढे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, कलम १८२ए, तेही मालकाला. असले बदल उघड्यावर विकणाऱ्याच्या दारात मात्र कुणी जात नाही. जुन्या गाडीच्या मालकाला फिटनेस, हरित कर, पीयूसीसाठी हेलपाटे घालायला लावणाऱ्यांना हा धंदा दिसत नाही, हे पटत नाही. कामाला हात घालण्याआधी परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" कामाचं नाही.

चौकीनं अर्ज घेतला नाही तर तो लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. हे चौकीत कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, वकीलही सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंद करून घ्या, तक्रारीचा नंबर मिळतो. रोख दिलेल्या ३०,००० ची पावती नाही, ते सिद्ध करणं अवघड जाणार. रोख देऊ नका.

पुरावा घालवू नका. काढलेला टर्बो त्याला "बदलून देतो" म्हणून परत देऊ नका, तो मागतोच. गाडी उघडताना व्हिडिओ काढा, नळीच्या मापाला व्हर्नियर लावून फोटो घ्या, दुसऱ्या मिस्त्रीकडून सही-तारखेसह लिहून घ्या. इथं टर्बो तसाच पोत्यात बांधून ठेवलाय. परतीची फ्लँज पुसलेली नाही, लाल सिलिकॉन अजून भोकात आहे.