गावच्या ग्रामसभेची रोपवाटिका, गडचिरोली: रोपं घ्या पण सल्ला आधी घ्या

उन्हाळ्यात वणव्यानं आमच्या शेताच्या वरचा उतार जळला, पालापाचोळा सगळा खाक, मग पहिल्याच पावसात माती सरळ नाल्यात. म्हणून इथं गेलो. गोंड बाया चालवतात, सगळं बियाणं त्यांच्याच जंगलातलं. सागाची रोपं मागितली तं आधी पूर्ण ऐकून घेतलं नं म्हणाल्या, भाऊ, पहिले उतारावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) खोदा, नाल्यात दगडाचे बांध घाला, मग काठानं अर्जुन, करंज, बांबू, वर मोह नं बेहडा, आणि जळालेल्या खोडाला फुटवे येत असतील तं तिथं नवीन काही लावूच नका, फक्त गुरं आवरा. विकायच्या घाईत असा सल्ला कोण देते?

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचे मोकळे पट्टे, त्याही याच बाया झाडतात. मोहफुलं नं तेंदूपानासाठी (बिडीचं पान) आग लावणं थांबल्याशिवाय नाला वाचत नाही हे त्यांचं ठाम मत, आणि मला पटलं. चंद्रपूरच्या पाचगावनं 2012 मध्ये सामूहिक वनहक्क (जंगल सांभाळायचा नं वापरायचा गावाचा हक्क) मिळाल्यावर तेंदूपान तोडणंच बंद केलं, बांबूवर कमाई उभी केली.

काही बेहड्याच्या पिशव्यांत मुळं गुंडाळलेली होती, पाहून घ्या. रेंज नाही, नगद न्या. जूनच्या आधी सांगून ठेवा, बांबू लवकर संपते.