यूएसबी पोर्ट दगा देऊ लागले: बाहेर हब लावावा की आत कार्ड बसवावं?

निपाणीत तंबाखूच्या वखारींना लागून असलेल्या गल्लीत आमच्या सौहार्द सहकारी संस्थेचं ऑफिस आहे. काउंटरवरचा कॉम्प्युटर २०१३ सालचा, एच ६१ चिपसेटचा. मध्यंतरी एसएसडी घातल्यापासून वेगाबद्दल तक्रार नव्हती, पण यूएसबी पोर्ट एकेक करत बसायला लागले. आधी पुढचे दोन्ही गेले, मग मागच्या चारांतले दोन. माउस चालायचा, बोटाचा ठसा घेणारं यंत्र मात्र मध्येच गायब व्हायचं. त्यावेळी अडॅप्टरवाला हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा, स्वतःची वीज घेणारा डबा) आणि कॅबिनेटमध्ये बसणारं, नवे पोर्ट देणारं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, असे दोन मार्ग समोर होते. मी दोन्ही घेतले आणि दोन्ही वापरले, म्हणून ज्यांना आता निवड करायची आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

खर्च करण्याआधी दोष खरंच पोर्टमध्ये आहे का, एवढं बघून घ्या. मशीन बंद करून पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करा. अडकून बसलेले पोर्ट कधी कधी एवढ्यानेच सुटतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय, बंद करा. फक्त पुढचेच पोर्ट मेले असतील, तर आत मदरबोर्डाला जोडलेली त्यांची नऊ पिनांची वायर ढिली झाली आहे का ते पाहा. शेवटी बॅटरीचा उजेड पाडून पोर्टच्या आत डोकवा. आमच्या पोर्टमधल्या पत्र्यांवर हिरवट थर चढला होता आणि त्यात तंबाखूची बारीक तपकिरी धूळ घट्ट बसली होती. इथला पावसाळा आणि ती धूळ एकत्र आली की धातू टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने एक पोर्ट परत आला, बाकीचे आले नाहीत.

माउस चालतो आणि ठशाचं यंत्र पडतं, याचं कारण बहुधा करंट. यूएसबी २ च्या पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायला हवेत. माउसचं त्यातल्या थोड्यावर भागतं. जुन्या बोर्डावरचा फ्यूज किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) दमला की जास्त ओढणारी उपकरणं आधी पडतात. म्हणून बिनअडॅप्टरचा स्वस्त हब इथे कामाचा नाही. एकाच पोर्टचा करंट तो सगळ्यांत वाटतो, आणि नियमाने त्याच्या प्रत्येक तोंडाला १०० मिलिअँपिअरच धरलेले असतात. त्याचा विचार मी सोडूनच दिला.

अडॅप्टरवाल्या हबचं मला मनापासून कौतुक आहे. कॅबिनेट उघडावं लागत नाही, पाच मिनिटांत काम सुरू होतं. काउंटरवर हाताशी ठेवता येतो, त्यामुळे पेन ड्राइव्हसाठी टेबलाखाली वाकावं लागत नाही. करंट त्याचा स्वतःचा, म्हणून ठशाचं यंत्र पहिल्याच दिवशी नीट चाललं. शिवाय बोर्डाच्या पोर्टात हबची वायर एकदा घातली की तिला पुन्हा हात लावायचं कारण नाही, त्या पोर्टची झीजही थांबते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: डेटा शेवटी त्याच जुन्या पोर्टातून जातो. पोर्टचे पत्रेच ढिले असतील तर हबही तिथे लटकतच राहणार.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे. आमच्याकडे अकरा पिग्मी एजंट आहेत, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत गोळा करणारे. दिवसभर गल्ल्या फिरून संध्याकाळी सहाच्या पुढे ते आपापलं वसुलीचं मशीन घेऊन येतात, आणि प्रत्येकाच्या मशीनमधला दिवसाचा भरणा वायरीने कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा असतो. मशीन जुन्या पद्धतीचं, सिरियल केबलचं, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दोन-दोन सेकंदांसाठी जाते आणि येते. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, त्याला काही कळतही नाही. पण यूपीएसला मागे तीनच सॉकेट. त्यांत सीपीयू, मॉनिटर आणि पासबुक प्रिंटर. हबचा अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात.

त्यामुळे लाइट डोळा मिटून उघडावा तशी गेली, तरी हब पडायचा. स्पीकरमधून विंडोजचा तो उतरता टुंडुक आवाज यायचा, लगेच चढता आवाज यायचा आणि हबवरचं सगळं नव्याने जोडलं जायचं. माउसला त्याचं काही वाटत नाही. पिग्मीचं सॉफ्टवेअर मात्र उघडलेला कॉम पोर्ट (कन्व्हर्टरला विंडोजने दिलेला सिरियल पोर्ट) हातातून गेल्यावर तिथेच गोठायचं. टास्क मॅनेजरमधून ते बंद करायचं, पुन्हा उघडायचं, किती पावत्या उतरल्या आणि किती राहिल्या ते एजंटच्या कागदी यादीशी ताडून बघायचं आणि मग पहिल्यापासून सुरू. एका संध्याकाळी हे चार वेळा झालं. गळतग्याहून येणाऱ्या एजंट वहिनी छत्री हातात धरून दारात उभ्या. “सर, माझं तेवढं आधी घ्या की, गाडी चुकतीय,” असं त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं. दिवसभर पावसात फिरून आलेल्या माणसाला आमच्या टेबलावरच्या एका वायरीपायी थांबवून ठेवायचं, हे मनाला पटेना.

यावर तुम्ही म्हणाल, अडॅप्टर यूपीएसला लावा. बरोबर आहे. तुमच्या यूपीएसला सॉकेट मोकळं असेल, तर हबविरुद्धची माझी निम्मी तक्रार तिथेच संपते. प्रिंटर काढून ती जागा हबला द्यायचं मीही करून पाहिलं. मग पासबुक अर्धं छापून बंद पडायला लागलं. यूपीएसवर एक्स्टेंशन बोर्ड लावून भार वाढवणं मला धोक्याचं वाटलं.

म्हणून कोल्हापुरातून कार्ड आणलं. बेळगावपेक्षा कोल्हापूर आम्हाला जवळ, आणि बदलून आणायची वेळ आली तर एका दुपारचं काम. चार पोर्टचं, यूएसबी ३ चं, रेनेसास चिपचं कार्ड, हजाराच्या आसपास पडलं. हबही जवळपास तेवढ्यालाच मिळाला होता, त्यामुळे पैशावर निवड अडली नाही. बोर्डावरच्या छोट्या एक्स १ स्लॉटमध्ये ते बसतं. कार्डाला एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर जोडायची सोय आहे, असंच बघून घ्या. यूएसबी ३ च्या पोर्टला ९०० मिलिअँपिअरपर्यंत द्यावे लागतात, ते सगळे स्लॉटमधून ओढू नयेत. विंडोज १० ने ड्रायव्हर न मागता कार्ड ओळखलं. विंडोज ७ असेल तर ड्रायव्हर आधीच मिळवून ठेवा, तिच्यात यूएसबी ३ चा आधार मुळात नाही.

आता कार्डाचा करंट सीपीयूच्याच पोटातून आणि सीपीयू यूपीएसवर. लाइट गेली तरी पिग्मी उतरत राहते. गेला सबंध पावसाळा त्या कन्व्हर्टरचा टुंडुक आवाज मी ऐकला नाही. मी काही मीटर लावून मोजलेलं नाही, पण एजंट सातच्या आत घरी जायला लागले, एवढं सांगू शकतो.

कार्डाच्याही अडचणी आहेत. कीबोर्ड कार्डावर लावला तर आमच्या मशीनवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जाता येत नाही. जुना बायोस विंडोज सुरू होण्याआधी कार्ड ओळखत नाही, त्यामुळे कार्डावरच्या पेन ड्राइव्हवरून मशीन बूटही होत नाही. बोर्डाचा एक चांगला पोर्ट कीबोर्डसाठी राखून ठेवा. कार्डाचे पोर्ट मागच्या बाजूला येतात, म्हणजे वाकणं आलंच. आणि कन्व्हर्टर दुसऱ्या पोर्टात घातला की त्याचा कॉम नंबर बदलू शकतो. हे हबवरही होतं. पहिल्याच दिवशी कॉम ३ चा कॉम ७ झाला आणि सॉफ्टवेअरला मशीन दिसेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर पुन्हा ३ केला. मग त्या पोर्टवर पांढरी चिकटपट्टी लावून मराठीत आणि कन्नडमध्ये ‘पिग्मी’ लिहून ठेवलं. तेव्हापासून शिपाईमामाही वायर चुकवत नाहीत.

बोर्डच बदलायचा पर्यायही कुणी सुचवेल. इतक्या जुन्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड आता बहुतेक वापरलेलाच मिळतो, आणि त्याचे पोर्ट किती दिवस टिकतील कोण सांगणार? विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आम्ही त्या मशीनचं इंटरनेट काढून ते फक्त पिग्मी आणि पासबुकसाठी ठेवलंय. उद्या नवा डेस्कटॉप आला तर कार्ड काढून त्यात बसवता येईल.

लॅपटॉप असेल, स्लॉट नसलेलं बारीक कॅबिनेट असेल किंवा उपकरणं हाताशीच हवी असतील, तर हब घ्या, आणि त्याचा अडॅप्टर यूपीएसवरच लावा. उभं कॅबिनेट असेल आणि मध्येच तुटलेलं चालत नाही असं काम असेल, तर मी कार्डाकडे झुकेन. दुकानात जाण्याआधी बाजूचा पत्रा काढून मोबाइलवर दोन फोटो घ्या: एक मोकळ्या स्लॉटचा, दुसरा एसएमपीएसच्या रिकाम्या वायरीच्या टोकाचा. ते टोक चार जाड पिनांचं आहे की चपटं साटाचं, ते बघून दुकानदार बरोबर कार्ड देतो. मी फोटो न घेता गेलो होतो, आणि पाच रुपयांना मिळेल अशा कनेक्टरसाठी मला दुसऱ्यांदा कोल्हापूरला जावं लागलं.