कुजलेला सांगाडा: भरून काढायचा की कापून काढायचा?

बोटीचं फायबरग्लास कुजत नाही, पण त्याच्या पोटातलं लाकूड कुजतं. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळया (स्ट्रिंगर) आणि इंजिन पेलणारी मागची भिंत (ट्रान्सम), दोन्हींच्या गाभ्यात जुन्या बोटींमध्ये बहुधा लाकूड किंवा प्लायवूड असतं. नीट न बुजवलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि आत अडकून राहतं.

म्हणून काही ठरवण्याआधी ड्रिल घ्या आणि सगळ्यात खालच्या जागी बारीक भोकं पाडा. फिका, कोरडा भुसा आला तर नशीब. काळपट, ओला लगदा आला तर पुढची भोकं पाडत चांगलं लाकूड कुठे सुरू होतं ते शोधा. सगळं गणित याच्यावर आहे.

भोकांतून पातळ इपॉक्सी (वाळून कडक होणारं चिकट रेझिन) सोडायचा उपाय मोहात पाडतो, कारण डेक (बोटीची वरची फरशी) उचकटावा लागत नाही. पण ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही आणि बंद आवरणातलं लाकूड महिनोन्महिने वाळत नाही. तळहाताएवढा डाग असेल, तोही पूर्ण वाळवलेला, तरच हा मार्ग धरा. ट्रान्समला तर मी तो कधीच सुचवणार नाही. तिथे इंजिनाचा जोर येतो आणि जीव पाण्यावर असतो.

ट्रान्समसाठी आणखी एक वाट आहे: वरून गाभा कोरून काढायचा आणि फायबरग्लासच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींमध्ये ओतीव मिश्रण भरायचं. बाहेरची भिंत शाबूत राहते, हा मोठा फायदा. मात्र कोपऱ्यात कुजकं लाकूड राहिलं, तर मेहनत वाया.

कापून काढणं त्रासाचं आहे. ग्राइंडरची धूळ अंगभर खाजते, मास्कशिवाय उभंही राहू नका. पण काय लावलं ते डोळ्यांना दिसतं. नवा गाभा कशाचा? मरीन प्लाय (बोटींसाठीचा प्लायवूड) जड असतो, पण स्क्रू-बोल्ट घट्ट धरतो. फोम हलका आहे, कुजत नाही, पण मग भार वरच्या फायबरच्या थरांनी उचलायचा असतो, म्हणून थर जाड हवेत. माझा कौल: स्ट्रिंगरला फोम चालेल, ट्रान्समला प्लाय. साधा फोम बोल्ट आवळताना चेपतो.

रेझिनमध्ये काटकसर नको. पॉलिस्टर रेझिन स्वस्त असतं, पण जुन्या, वाळलेल्या थरावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते. इपॉक्सी घेतलंत तर साधं चॉप्ड मॅट (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चटई) टाळा. त्यातला चिकटवणारा घटक बहुधा पॉलिस्टरमध्येच विरघळतो. शिवलेलं बायएक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड घ्या.

स्ट्रिंगर एका वेळी एकच काढा आणि तळाला खालून सगळीकडे टेकू द्या. आधार नसेल तर तळाचा आकार बदलतो, आणि नवा सांगाडा तोच वाकडेपणा कायमचा धरून ठेवतो. शेवटी बोल्टचं प्रत्येक भोक मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरा, आणि ते वाळल्यावर त्यातूनच मापाचं भोक पाडा.