ऑर्किडला आलंय ते फुलांचा दांडा, मूळ की नवा फुटवा?

थंडीत रात्री गार व्हायला लागल्या की फॅलेनॉप्सिस या जातीच्या ऑर्किडच्या खोडावर हिरवा फुगवटा दिसतो. दांडा म्हणून लगेच काठी रोवायची घाई करू नका. पहिला सेंटिमीटरभर दांडा आणि मूळ जवळपास सारखेच दिसतात. दीड-दोन सेंटिमीटर होऊ द्या आणि मग टोक भिंगातून बघा.

मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं, आणि त्याच्या मागचा भाग रुपेरी-पांढरा होत जातो. दांड्याचं टोक चपटं, पोपटाच्या चोचीसारखं एका बाजूला कललेलं असतं आणि त्यावर एकमेकांवर चढलेले बारीक खवले दिसतात. मुळावर खवला कधीच नसतो, त्यामुळे ही सगळ्यात पक्की खूण. रंगावर जाऊ नका, गडद फुलांच्या जातींत दोन्ही जांभळट असतात. दिशाही फसवते: मूळ सरळ वर चढू शकतं आणि दांडा खिडकीच्या उजेडाकडे आडवा जातो. जागा थोडीफार मदत करते. दांडा बहुधा वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेतून निघतो, मुळं शक्यतो त्याखाली. तरीही शंका असेल तर ओला ब्रश फिरवा. मुळाचं रुपेरी आवरण पाणी पिऊन हिरवं होतं, दांड्याचा रंग तसाच राहतो. फवारा मात्र नको, वरच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठलं की गाभा कुजतो.

मूळ निघालं तर काहीच करायचं नाही. ते वाकवून कुंडीत कोंबलं तर टोक मोडतं आणि वाढ तिथेच थांबते. हवेत राहू द्या.

दांडा निघाला तर कुंडी उजेडाच्या दिशेने एकदा लावून तिथेच ठेवा. सारखी फिरवली तर दांडा वेडावाकडा होतो. साधारण १५ सेंटिमीटर झाला की मुळं चुकवून काठी खोचा आणि सैल क्लिप लावा. कोवळा दांडा ओढून ताणून बांधला तर काडकन मोडतो. कळ्या दिसेपर्यंत पाणी नेहमीसारखंच, सुकू द्यायचं नाही. कळ्या धरल्यावर पिकणारे आंबे किंवा केळी त्याच खोलीत ठेवू नका, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे कळ्या पिवळ्या पडून गळतात. ऐन मोसमात घरोघरी हे घडतं आणि दोष पाण्याला दिला जातो.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडमध्ये ओळखणं सोपं आहे. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या संकरित जातींत बुंध्यातून निघतो तो नवा फुटवा, आणि उसासारख्या खोडाच्या शेंड्याकडच्या पेरातून निघतो तो दांडा. फुटवा जाड असतो आणि लवकरच पानं उघडतो; दांडा बारीक राहतो आणि त्यावर मण्यांसारख्या कळ्या लागतात. फुटव्याला खत हवंच, पण पावसाळ्यात त्याच्या पोंग्यात पाणी साठू देऊ नका, दोन दिवसांत काळा पडतो. पानं गळालेली जुनी खोडंही कापू नका. ती नव्या फुटव्याला पोसतात आणि पुन्हा फुलूही शकतात.

खरी गफलत होते ती ऑन्सिडियम या ऑर्किडमध्ये, कारण फुटवा आणि दांडा दोन्ही खालूनच येतात. फुटवा चपटा असतो आणि तीन-चार सेंटिमीटरवरच पंख्यासारखी पानं सोडतो. दांडा कंद (खोडाचा फुगीर भाग) आणि त्याला बिलगलेलं पान यांच्या फटीतून निघतो, गोलसर, टणक, टोक मिटलेलं. इथे आठवडाभर जास्त थांबलात तरी बिघडत नाही.

एक चौथी शक्यता राहते. फॅलेनॉप्सिसचा कोवळा दांडा सतत ३० अंशांच्या वर राहिला तर पेरावर कळीऐवजी पानांची जोडी फुटते. ते पिल्लू. त्याला पाच सेंटिमीटरची दोन-तीन मुळं येईपर्यंत दांड्यावरच राहू द्या, मग दांड्याचा छोटा तुकडा ठेवून कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा (मुळांना लागू देऊ नका) आणि झाडाच्या सालीच्या बारीक तुकड्यांत लावा.