भरती-ओहोटीच्या पाठासाठी व्हिडिओ: दीक्षा, यूट्यूब की स्वतःचे चित्रण?

कोकणातील खाडीकाठच्या शाळेत भरती-ओहोटीचा पाठ व्हिडिओच्या आधाराने शिकवायचा, तर तो व्हिडिओ कोठून घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

2017 साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपची जमेची बाजू म्हणजे पाठ्यपुस्तकाशी असलेली सांगड. पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच पाठाचे साहित्य समोर येते आणि जाहिरातींचा व्यत्ययही नसतो. शिवाय ते आधी उतरवून ठेवता येते. पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ रेंजही जाते, अशा गावांत ही सोय सर्वांत मोलाची ठरते. साहित्याचा दर्जा मात्र पाठागणिक बदलतो.

यूट्यूबवर निवडीला तोटा नाही. चंद्राच्या आकर्षणाने पाणी कसे फुगते, हे तेथील चांगले अ‍ॅनिमेशन दोन मिनिटांत दाखवते. फळ्यावर ते मला कधीच जमले नाही. परंतु रेंज कमी झाली की चित्राची प्रत 144p या सर्वांत खालच्या पातळीपर्यंत घसरते, आकृतीतील अक्षरे पुसट होतात आणि वर्ग नुसता आवाज ऐकत बसतो. पाठ केवळ वाचून दाखवणारे व्हिडिओ तर निःसंकोच वगळावेत. तेवढे वाचन मुलेही करू शकतात.

स्वतःच्या चित्रणाला वेळ फार लागतो. जेटीच्या एकाच खांबावरचे पाणी दिवसभर थोड्या थोड्या वेळाने टिपावे लागते, आणि वाऱ्याच्या घोंगाटामुळे निवेदन घरी येऊन वेगळे भरावे लागते. तरीही पाण्याची वेळ जाणणाऱ्या कोळ्यांच्या मुलांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे पुस्तकातले शब्द आपल्याच घरातले आहेत, हे येथेच पटते. असा व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवल्यास तो शोधात येत नाही, मात्र लिंक हाती पडलेल्या कोणालाही दिसतो. म्हणून त्यात मुलांचे चेहरे नसावेत.

तयारीला तासभरच असेल, तर दीक्षा पुरे. सवड असल्यास चंद्रापुरते यूट्यूब आणि बाकी जेटीचे चित्रण, हीच जोडणी मी निवडेन, कारण एकदा केलेले चित्रण दरवर्षी उपयोगी पडते. ते दाखवताना पाणी खांबावर सर्वांत वर पोहोचले की मी व्हिडिओ थांबवतो, त्या वेळेत 12 तास 25 मिनिटे मिळवून पुढच्या भरतीची वेळ काढायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशीची भरती साधारण 50 मिनिटे उशिरा का येते, हे मुले वहीतल्या बेरजेवरूनच सांगतात.