श्वासपटलाची सोनोग्राफी: हालचाल मोजावी की जाडी?

व्हेंटिलेटरवरचा रुग्ण स्वतः श्वास पेलण्याइतका सावरला आहे का, आणि हृदयशस्त्रक्रियेनंतर एक्स-रेमध्ये एका बाजूचे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, डायाफ्राम) वर चढलेले दिसते ते खरोखरच लुळे पडले आहे का, हे दोन प्रश्न अतिदक्षता विभागात वारंवार उभे राहतात. दोन्हींचा माग खाटेजवळच सोनोग्राफीने काढता येतो. मात्र नेमके काय मोजायचे हे आधी ठरवावे लागते. श्वासपटल किती सरकते हे मोजता येते, किंवा श्वास घेताना ते किती जाड होते हे मोजता येते. माप चुकीचे निवडले तर आकडा बरोबर येऊनही निष्कर्ष फसतो.

हालचाल मोजायला सोपी आहे. पोटाच्या तपासणीचा नेहमीचा वक्र प्रोब (त्वचेवर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) उजव्या बरगड्यांखाली ठेवून वर आणि मागच्या दिशेने रोखला की यकृताच्या पलीकडे एक ठळक पांढरी कमान दिसते. एम-मोडची (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या पद्धतीची) रेषा तिच्यावर शक्य तितकी काटकोनात टाकली की पडद्यावर लाट उमटते, आणि श्वास आत घेताना कमान प्रोबकडे येत असल्यामुळे ती लाट वर चढते. 210 निरोगी प्रौढांच्या मोजमापांवर आधारलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात शांत श्वासात पुरुषांमध्ये सरासरी 1.8 सेंटिमीटर, तर स्त्रियांमध्ये 1.6 सेंटिमीटर हालचाल आढळली. खोल श्वासात हेच आकडे अनुक्रमे 7 आणि 5.7 सेंटिमीटर होते. श्वासपटल लुळे असेल, तर रुग्णाला नाकाने झटकन हुंगायला सांगितल्यावर लाट वर जाण्याऐवजी खाली जाते. हे चित्र एकदा पाहिले की विसरता येत नाही, आणि त्यासाठी कोणतीही आकडेमोड करावी लागत नाही. डावीकडे मात्र प्लीहेची खिडकी (ध्वनिलहरी आत जाण्याची वाट) लहान असते आणि जठरातील हवा आड येते, त्यामुळे ती बाजू पुष्कळदा हाती लागत नाही.

या पद्धतीची खरी मर्यादा व्हेंटिलेटरवर उघडी पडते. यंत्र दाब देऊन फुप्फुसे फुगवते तेव्हा श्वासपटल खाली ढकलले जाते, मग त्या स्नायूने स्वतः काही काम केलेले असो वा नसो. पडद्यावर दोन सेंटिमीटरची सुरेख लाट दिसते आणि पाहणाऱ्याला हायसे वाटते, परंतु ती हालचाल यंत्राची असू शकते. म्हणून व्हेंटिलेटरचा आधार चालू असताना घेतलेल्या हालचालीच्या मापावरून श्वासनलिकेतील नळी काढण्याचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाला टी-पीसवर (यंत्राच्या दाबाविना केवळ प्राणवायू देणाऱ्या जोडणीवर) ठेवून तो स्वतः श्वास घेत असताना हेच माप घेतले, तर ते उपयोगी पडते. एक सेंटिमीटरहून कमी हालचाल तेव्हा गंभीरपणे घ्यावी.

जाडीचे माप स्नायूच्या आकुंचनाच्या अधिक जवळ जाते. काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेदरम्यान, आठव्या ते दहाव्या बरगडीच्या फटीत, उच्च वारंवारतेचा सरळ प्रोब ठेवला की दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये काळसर पट्टा दिसतो. वरची रेघ फुप्फुसावरणाची, खालची पोटाच्या आवरणाची आणि मधला पट्टा म्हणजे श्वासपटल. श्वास सोडल्यानंतरची जाडी आणि श्वास पूर्ण घेतल्यानंतरची जाडी मोजून वाढीची टक्केवारी काढतात. ही वाढ 20 टक्क्यांहून कमी असेल तर पक्षाघाताची शंका घेतात. 63 रुग्णांच्या 2014 मधील एका अभ्यासात 30 टक्के किंवा अधिक वाढ असलेल्यांची नळी यशस्वीपणे निघण्याची शक्यता जास्त आढळली.

येथे अडचण मोजणाऱ्याच्या हातात आहे. समजा, श्वास सोडल्यावर पट्टा 2 मिलिमीटर आणि श्वास घेतल्यावर 2.6 मिलिमीटर भरला. वाढ झाली 30 टक्के. आता दुसऱ्या मापात कर्सर केवळ 0.2 मिलिमीटरने आत पडला, तर वाढ 20 टक्क्यांवर येते आणि त्याच रुग्णाचा निकाल फिरतो. कर्सर रेघांच्या आतल्या कडांवर टेकवणे, निदान तीन श्वासांची सरासरी घेणे आणि प्रोब तिरका होऊ न देणे ही पथ्ये म्हणूनच टाळता येण्यासारखी नाहीत. नवशिक्याने आधी निरोगी सहकाऱ्यांवर पुरेसा सराव करावा आणि त्यानंतरच रुग्णाच्या कागदावर आकडा लिहावा.

फ्लुरोस्कोपी, म्हणजे क्ष-किरणांनी हलते चित्र पाहणे, ही जुनी पद्धत. तिच्यात दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात, आणि सोनोग्राफीची डावी खिडकी मिळत नसेल तेव्हा हा मोठा फायदा ठरतो. पण किरणोत्सर्ग आहे आणि रुग्णाला क्ष-किरण विभागात न्यावे लागते. शिवाय दोन्ही बाजू लुळ्या असतील तर पोटाच्या स्नायूंच्या कामामुळे श्वासपटल हलत असल्याचा भास होऊ शकतो.

निवड करायची तर मी असे सुचवेन: रुग्ण स्वतः श्वास घेत असेल आणि शंका एका बाजूच्या पक्षाघाताची असेल, तर हुंगण्याच्या चाचणीसह हालचाल पाहावी. मानेजवळ नस बधिर करून केलेल्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दम लागला, तर हाच मार्ग सर्वांत जलद आहे. रुग्ण व्हेंटिलेटरच्या आधारावर असेल आणि स्नायू काम करतो आहे का हा प्रश्न असेल, तर जाडी मोजावी. मात्र खोकल्याची ताकद, स्रावांचे प्रमाण आणि शुद्धी यांचा विचार बाजूला ठेवून केवळ त्या टक्केवारीवर नळी काढू नये.

नवे यंत्र घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. वापर फक्त श्वासपटलासाठी होणार असला, तरी गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्याखालील नोंदणीची पूर्तता आधी करून घ्यावी लागते.

माप रोज घ्यायचे असेल, तर पहिल्या दिवशीच प्रोबची जागा त्वचेवर मार्करने आखून ठेवावी आणि खाटेचे डोके किती अंशांवर होते हेही नोंदवावे, कारण जागा आणि उतार बदलले की कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.